भावोजी, मशीन खणातून काढा

भावोजी, परवा व्हिडिओ कॉलवर मी गुडघा कसा आहे म्हणून विचारलं आणि तुम्ही "हो हो, बरोबर आहे" म्हणालात. म्हणजे कानाचं मशीन अजून टेबलाच्या खणातच आहे. नाही म्हणू नका. आपण रोज किती तास ते घालतो याचा हिशोब हल्लीचं मशीन स्वतःच ठेवतं, आणि ऑडिऑलॉजिस्टने कॉम्प्युटरला जोडलं की सगळी चुगली करतं. माझी चोरी पहिल्याच महिन्यात पकडली गेली. मी "दिवसभर घालते" म्हणून सांगत होते आणि समोर पडद्यावर रोजची सरासरी पन्नास मिनिटं. मुलगा शेजारीच बसलेला.

आता तुम्ही सहा महिन्यांसाठी इकडे मिशिगनमध्ये नोव्हायला येताय, तर वहिनीचा अधिकार वापरून चार गोष्टी आधीच कानावर घालते. माझ्या डाव्या कानात मशीन आहे आणि उजव्या बाजूला चार वर्षांपूर्वी कॉक्लियर इम्प्लांट बसवलंय. दोन्ही शाळांतून शिकून झालंय म्हणा ना.

तुम्हाला ऐकूच येत नाही असं नाही. आवाज येतो, शब्द लागत नाही. म्हातारपणी कान आधी वरच्या पट्टीचे आवाज सोडतो. स, श, फ, ख, थ ही हवेची अक्षरं पहिल्यांदा पळतात. आ, ओ, ऊ बिचारे शेवटपर्यंत राहतात. भाजीवाला साठ म्हणतो, आपल्याला आठ ऐकू येतं, आपण आठ रुपये पुढे करतो आणि तो आपल्या तोंडाकडे बघत राहतो. घरचे म्हणतात, "नको तेवढं बरं ऐकू येतं!" त्यांचंही चूक नाही. शांत खोलीत एकटं माणूस बोलत असलं की आपलं निभतं, आणि चार माणसं एकदम बोलायला लागली की आपण "हो हो" सुरू करतो.

या "हो हो"चीच गोष्ट सांगते. इथल्या घरांना तळघर असतं, बेसमेंट. गणपतीची आरती, डोहाळजेवण, वाढदिवस, सगळं तिथे. ठेंगणं छत, गालिचा नसलेली जमीन, तीस-चाळीस माणसं आणि कोपऱ्यात पोरांचं टेबलटेनिस. अशाच एका गणपतीत, मोदकाची ताटली हातात असताना, माझ्या सुनेची एक मैत्रीण जवळ आली आणि म्हणाली, "मावशी, बाबा वारले." मला ऐकू आलं, "बाबा आले." मी आनंदाने म्हटलं, "अरे वा! मग आता सहा महिने सोडू नकोस त्यांना!" तिचा चेहरा पाहून काहीतरी चुकलं एवढं कळलं, आणि मी काय केलं? पुन्हा "हो हो" म्हणून मान डोलावली. खरं काय ते घरी येताना गाडीत सुनेने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन तिच्याकडे गेले. तिने चहा टाकला. मी सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "मावशी, तुम्हाला कमी ऐकू येतं हे मला माहीतच नव्हतं. मशीन कधी दिसलंच नाही." दिसणार कुठून? ते झाकायला म्हणून मी वर्षभर केस कानावर ओढून पिना लावत होते. त्या दिवसापासून अंबाडा घालते, कान मोकळे. लोकांना मशीन दिसलं की ते आपोआप समोर येऊन बोलतात; निम्मं काम तिथेच होतं.

तेव्हा माझा कानमंत्र म्हणाल तर एवढाच, की पहिलं वाक्य आपण बोलायचं. समोरच्याने सुरुवात करायच्या आधी. "मला कमी ऐकू येतं, माझ्याकडे बघून जरा सावकाश बोला." इथल्या दुकानात, दवाखान्यात, ग्रंथालयात हेच इंग्रजीत म्हणायचं: "आय हॅव हिअरिंग लॉस, प्लीज फेस मी." सॉरी जोडायचं नाही. चष्मा लावल्याबद्दल तुम्ही कधी कुणाला सॉरी म्हणालात का? आरशासमोर दहा वेळा म्हणा. पहिल्या दोन-तीनदा जीभ अडखळते, मग चहात साखर किती सांगावी तितकं सोपं होतं.

एक अवघड गोष्ट तुम्हाला म्हणून सांगते. हे होते तोवर माझं कानाचं काम ह्यांनीच केलं. कुणी काही बोललं की हे माझ्या कानाशी येऊन तेच पुन्हा सांगायचे, आणि उत्तरही बऱ्याचदा तेच देऊन टाकायचे. मला वाटायचं, आपलं छान चाललंय. हे गेल्यावर कळलं की मला किती कमी ऐकू येत होतं, आणि दहा वर्षांत मी परक्या माणसाशी स्वतःहून एक वाक्य बोलले नव्हते. तुमच्याकडे ते काम जाऊबाई करतात. त्यांना थोडी सुट्टी द्या.

नीट ऐकू आलं नाही तर नुसतं "काय?" म्हणू नका. "काय?" म्हटलं की माणूस तेच वाक्य ओरडून म्हणतो, आणि ओरडताना ओठ वेडेवाकडे होतात, म्हणजे होतं तेही जातं. ऐकू आलेला भाग आपण म्हणून दाखवायचा: "देवळात जायचंय हे कळलं, किती वाजता?" मग समोरच्याला तेवढाच तुकडा द्यावा लागतो. आकडा असेल तर सुटा करून घ्यायचा: सहा-शून्य का नुसता आठ? दोनदा विचारूनही लागलं नाही तर शब्द बदलायला सांगायचं, नाहीतर लिहून मागायचं. फोनमध्ये लाइव्ह ट्रान्सक्राइब नावाचं ॲप घेऊन ठेवा, समोरचा बोलतो ते मराठीतही लिहून दाखवतं. अधूनमधून विनोदी लिहितं, पण अडीनडीला उपयोगी पडतं.

बसताना भिंत पाठीशी घ्या आणि उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर पडू द्या. स्वयंपाकघराचा पंखा बंद करून मग बोलायचं. दुसऱ्या खोलीतून हाक मारून गोष्ट सांगायची नाही, आधी नाव घ्यायचं, आम्ही वळलो की बोलायचं. हा नियम मी नातवंडांना फ्रिजवर लिहून दिलाय. ओठ वाचायची सवय आपोआप लागते, पण प, ब आणि म ओठांवर अगदी सारखे दिसतात, तेव्हा बाबा की मामा हे संदर्भावरून ठरवायचं. आणि भावोजी, ओठ झाकणाऱ्या मिशा ही आमच्यासारख्यांवर आपत्ती आहे. तुमच्या मिशांविषयी शेवटी बोलू.

सुरुवातीचे तीन-चार आठवडे त्रासाचे असतात, तिथेच लोक मशीन खणात टाकतात. फ्रिज गुरगुरतो, वर्तमानपत्राचं पान उलटलं तर पत्रा फाडल्यासारखं वाटतं, पापड खाल्ला तर डोक्यात फटाके. स्वतःचा आवाज डब्यातून आल्यासारखा. मशीन बिघडलेलं नसतं. हे आवाज घरात होतेच, मेंदू ते विसरला होता. त्याला पुन्हा चाळणी लावायला वेळ लागतो. आधी घरात, शांत वेळी, दोन तास. मग वाढवत न्यायचं. दुपारी अर्धा तास काढून ठेवून पडायचं, कारण कान लावून ऐकणं हे कष्टाचं काम आहे आणि संध्याकाळी चिडचिड होते ती त्यामुळेच.

मला बक्षीस मिळालं ते कढईत. किती वर्षं मी मोहरी डोळ्यांनी फोडत होते, दाणे उडताना दिसले की हिंग टाकायचा. तिसऱ्या आठवड्यात आमटीला फोडणी घातली आणि तड् तड् तड् असा बारीक, कोरडा आवाज आला. मी मागे वळून पाहिलं, खिडकीवर गारा पडताहेत की काय म्हणून. मग कळलं. गॅस बंद केला, पुन्हा चमचाभर तेल घातलं, पुन्हा मोहरी. सून म्हणाली, "आई, आमटी एकच आहे ना?"

इम्प्लांटचं वेगळं. मशीन आवाज मोठा करतं. पण कानाच्या आतल्या शंखातल्या केसपेशीच गेल्या असतील तर मोठा करून तरी काय उपयोग? म्हणून शस्त्रक्रियेने त्या शंखात तारेसारखी बारीक पट्टी सरकवतात, ती थेट श्रवणनसेला वीज पोचवते. बाहेर कानामागे प्रोसेसर आणि डोक्यावर लोहचुंबकाने चिकटणारी चकती. १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियात ग्रेम क्लार्क या डॉक्टरांनी आपलं अनेक तारांचं असं पहिलं यंत्र एका माणसाला बसवलं. इथून अर्ध्या-पाऊण तासावर ॲन आर्बरला युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनमध्ये हे काम चालतं. टाके भरल्यावर काही आठवड्यांनी ते चालू करतात. पहिल्या दिवशी सगळी माणसं चिमण्यांसारखी बोलली. नातू आणि सून यांचा आवाज एकच. मग दर खेपेला सेटिंग बदलत जातात आणि घरी आपण रियाज करायचा. मी हरिपाठ आणि रामरक्षा लावायचे. पाठ असलेलं ऐकलं की पुढचा शब्द मेंदूला आधीच माहीत असतो, आणि तो आवाजाला शब्दाशी बांधायला शिकतो. गीतरामायणाची मजा सांगू? उजव्या बाजूने शब्द स्वच्छ येतात पण चाल कळत नाही. डाव्या मशीनमधून चाल येते, शब्द धूसर. दोन्ही चालू ठेवलं की गाणं पुरं होतं. आणि हो, त्या चकतीला केसांतले आकडे जाऊन चिकटतात. हल्ली मी प्लॅस्टिकच्या क्लिपा वापरते. एमआरआय काढायचा झाला तर इम्प्लांटचं कार्ड आधी दाखवायचं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

तुम्हाला इम्प्लांट लागेल असं मला वाटत नाही, पण तपासणी नीट करा. इथे १७ ऑक्टोबर २०२२ पासून मोठ्या माणसांना चिठ्ठीशिवाय दुकानात मशीन मिळतं, ते सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी. आवाज वाढवूनही शब्द लागत नसेल तर ते तुमच्यासाठी नाही. इथली तपासणी इंग्रजी शब्दांवर होते. माझ्या कानाला हेडफोन लावून तपासणारी मुलगी म्हणाली, "से द वर्ड हॉटडॉग." जन्माची शाकाहारी मी, ऐकू येऊनही कळलं नाही. म्हणून इंग्रजी माझी भाषा नाही हे आधी सांगायचं, दुभाष्या मागायचा. एक मात्र गंभीरपणे: एखाद दिवशी अचानक एक कान बंद झाला तर मळ असेल म्हणून थांबू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कानाच्या डॉक्टरकडे. उशीर झाला की तो कान परत न येण्याची भीती असते.

आपल्या घरी कान दुखला की कोमट तेल घालायची पद्धत आहे. आता डोळ्यात तेल घालून मशीन जपा, कानात मात्र थेंबही नको. डोक्याला तेल लावायच्या दिवशी मशीन काढून ठेवा, पुरतं मुरल्यावर घाला. रोज रात्री मऊ ब्रशने पुसा, मळाची जाळी भरली की बदला. "मशीन मेलं" म्हणून आलेल्यांपैकी कितीतरी जणांची नुसती जाळी तुंबलेली असते. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, पिठी आत जाते. ओल शोषणाऱ्या गोळ्यांची डबी मिळते, तीत ठेवा. तुमचं बटणाच्या सेलवर चालतं ना? त्या सेलला हवा लागते. वरचा कागद काढल्यावर तीन-चार मिनिटं तसाच ठेवून मग बसवा, जास्त टिकतो.

आणि इथली थंडी. बर्फातून घरात आलात की चष्म्यावर जसं धुकं धरतं तसंच मशीनच्या आत धरतं. आल्या आल्या काढून पुसायचं. लोकरीची कानटोपी मशीनवर घासली की शिट्टी वाजते. सैल टोपी आणा. रात्री मशीन काढल्यावर धुराचा अलार्म ऐकू येत नाही, म्हणून उशीखाली थरथरणारं यंत्र तुमच्या खोलीत लावून ठेवलंय. इथे महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी वादळाच्या भोंग्याची चाचणी होते. घाबरू नका. मी त्याकडे मशीनची परीक्षा म्हणून बघते.

विमानतळावर तपासणीला मशीन काढायची गरज नाही, फक्त सांगायचं. सेल आणि चार्जर हातातल्या पिशवीत. गेटवरच्या मुलीला आपलं ते पहिलं वाक्य म्हणा, ती चढायच्या वेळी येऊन सांगते.

मिशा ओठांच्या वर येतील एवढ्या कातरून या. डेट्रॉइटच्या विमानतळावर मी घ्यायला येणारच आहे, आणि समोरून हात करणार नाही. गर्दीत मागून हाक मारणार, "भावोजी!" वळलात तर घरी पुरणपोळी.