माल तयार झाला, असे केव्हा म्हणावे?

शेरवानी शिवणारा कारागीर कच्चे टाके उसवून, काज-बटण करून, इस्त्री फिरवून मगच कपडा गिऱ्हाईकाच्या हाती देतो. काम राहिले असेल तर 'उद्या या' म्हणतो. व्हिडिओ गेमच्या धंद्यात ही रीत पार बदलली आहे. ती आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंनी पाहून ठेवावी, असे आम्हांस वाटते.

पूर्वी गेम चिपवर कोरून कार्ट्रिजमध्ये बंद करीत. एकदा दुकानात गेलेला दोष कायमचाच. अमेरिकेच्या अटारी कंपनीने १९८२ साली 'ई.टी.' हा गेम घाईघाईने उरकला. पुढच्या वर्षी न खपलेल्या इतर मालासोबत तोही न्यू मेक्सिकोत खड्ड्यात पुरावा लागला! पुढे डिस्कचा जमाना आला, तेव्हा कारखान्यात पाठवायच्या शेवटच्या प्रतीला 'गोल्ड' म्हणत आणि ती निघाली की काम संपले असे धरीत. आता इंटरनेटवरून 'पॅच', म्हणजे ठिगळ, घरबसल्या पोहोचते.

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीचा 'सायबरपंक २०७७' घ्या. ५ ऑक्टोबर २०२० रोजी तो 'गोल्ड' झाल्याचे जाहीर झाले. त्याच महिन्यात विक्री २१ दिवस पुढे ढकलली. खुलासा असा की, 'गोल्ड' म्हणजे काम थांबले असे नव्हे. १० डिसेंबरला माल बाजारात आला. प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन या जुन्या यंत्रांवर तो अडखळू लागला, मध्येच बंद पडू लागला. सोनीने आठवड्याभरातच तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि पैसे परत देऊ केले. जून २०२१ पर्यंत तो तेथे परतला नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये २.० ही आवृत्ती निघाली. कौशल्यांची रचना, पोलिसांची वागणूक, बरेच काही नव्याने बांधलेले. गेमची पत सावरली. ही मेहनत खरी आहे, ती आम्ही नाकारत नाही. पण २.० जुन्या यंत्रांसाठी निघालीच नाही.

आमच्या मते गिऱ्हाईकाने पैसे मोजले त्या दिवशी, त्याच्याच यंत्रावर, कबूल केलेले चालले तर माल तयार. नंतर घातलेली भर हा वरकड माल. कबूल केलेलेच नंतर देणे ही उधारी, आणि तीही गिऱ्हाईकाला न विचारता घेतलेली. ज्याने पहिल्याच दिवशी पूर्ण दाम मोजले, त्या प्लेस्टेशन ४ वाल्याला सुधारलेला गेम बघायचा तर आणखी पैसे घालून नवे यंत्रच घ्यावे लागले.