डब्याच्या पिशवीचे कापड आणि अंगावरचा टी-शर्ट



१४ एप्रिलची रॅली असो की दीक्षाभूमीचा प्रवास, आपली तरुण मंडळी आता मोटारसायकलवरूनच निघतात. पोटापाण्यासाठीही वस्तीतली कितीतरी मुले दिवसभर गाडीवर असतात. कोणी जेवण पोचवतो, कोणी पार्सल. हेल्मेटबद्दल घरोघरी बोलणे होते. या वेळी आम्ही मानेखालच्या अंगाबद्दल लिहीत आहोत.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतला एक मुलगा वळणावर घसरला. डोक्याला हेल्मेट होते, हाड मोडले नाही. पण कोपर, तळहात आणि मांडीची बाजू सोलून निघाली. तीन आठवडे घरी बसावे लागले, तेवढ्या दिवसांची कमाई बुडाली. पाठीवरची डब्यांची पिशवी मात्र जरा घासली, इतकेच. आम्ही ती हातात घेऊन पाहिली. जाड दोऱ्याची घट्ट वीण, आतून प्लास्टिकचा थर. आणि अंगावरचा टी-शर्ट कसा? हात मागे धरला तर बोटे दिसावीत असा. जेवणाच्या डब्याला जे कापड मिळते ते डबा नेणाऱ्या माणसाला मिळत नाही, हे काही आमच्या मनातून जात नाही.

ताशी ५० किलोमीटरच्या वेगात गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर जाते. पडल्यावर अंग त्याच वेगाने डांबरावर घासत जाते. रस्त्याची खडी कानशीसारखे काम करते. साधा सुती शर्ट तर लगेच फाटतो, रोजची जीन्सही काही क्षणांतच विरते. ट्रॅकसूटच्या चकचकीत पातळ पॉलिएस्टरचे आणखी वाईट. ते घर्षणाच्या उष्णतेने वितळते आणि जखमेला चिकटते. डॉक्टरांना ते वेगळे काढावे लागते. म्हणून गाडी चालवताना अंगालगत सुती बनियन असावे आणि बाहेरून जाड कापड.

हे जाड कापड म्हणजे काय? दोऱ्याची जाडी ‘डेनियर’मध्ये मोजतात. ९००० मीटर दोऱ्याचे वजन जितके ग्रॅम भरेल तितके डेनियर. म्हणजे १००० डेनियरचा ९ किलोमीटर दोरा बरोबर एक किलो भरतो. रायडिंग जॅकेटवर ५०० किंवा ६०० असे आकडे असतात ते हेच. पण नुसता आकडा पाहून भुलू नये. त्याच जाडीचे नायलॉन घासण्यात पॉलिएस्टरपेक्षा जास्त टिकते. ‘कॉर्ड्युरा’ हे नाव ऐकले असेल. मोटारसायकलच्या कपड्यांत ते बहुधा अशाच मजबूत नायलॉनचे असते.

दुसरे नाव केव्हलर. १९६५ साली अमेरिकेत ड्युपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक या महिला रसायनशास्त्रज्ञाने त्याचा शोध लावला. टायरसाठी हलका पण मजबूत धागा शोधताना तो सापडला. वजनाच्या मानाने पोलादाच्या पाचपट ताकद, आणि तो नायलॉनसारखा वितळत नाही. मात्र ‘केव्हलर जीन्स’ म्हणून विकतात त्यात केव्हलर बहुतेक वेळा गुडघ्याला आणि बसायच्या जागीच असते. दुकानात पँट उलटी करून पाहावी. दुकानदार म्हणेल, “बुलेटप्रूफ आहे साहेब.” तथागतांनी कालामांना काय सांगितले ते आपण विहारात ऐकतोच, ते दुकानातही लागू आहे.

ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०११ साली अपघात झालेल्या दुचाकीस्वारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संरक्षक जॅकेट, पँट, हातमोजे घातलेल्यांवर रुग्णालयात दाखल होण्याची पाळी कमी आली. पण त्यातले बरेच कपडे रस्त्यावर टिकलेही नाहीत. म्हणून शिवण पाहा, दुहेरी-तिहेरी हवी. आतल्या पट्टीवर युरोपीय मानक ‘ईएन १७०९२’ आणि पुढे एएए, एए किंवा ए असेल तर ते कापड तपासलेले असते. एएए सर्वांत मजबूत. कोपर-खांद्याच्या पॅडवर ‘ईएन १६२१’ पाहा. हँडल धरल्यासारखे हात पुढे करा. पॅड कोपरावरून सरकले तर ते जॅकेट तुमच्या मापाचे नाही.

हे सगळे महाग आहे, आम्हाला ठाऊक आहे. विदर्भातल्या मे महिन्यात जाड जॅकेट कोण घालणार, हेही ठाऊक आहे. मग आमच्या मते आधी हातमोजे घ्यावेत, कारण पडताना माणूस हातच पुढे टाकतो. मग गुडघ्या-कोपराचे वेगळे पॅड, जमेल तेव्हा जॅकेट. उन्हाळ्यासाठी जाळीचे मिळते. त्यात खांदा आणि कोपराला तरी भरीव कापड असावे. जुन्या बाजारातले घेताना घासलेला, वितळून गुळगुळीत झालेला डाग दिसला तर ते सोडून द्या. हँडलला लिंबू-मिरची बांधायला पैसे निघतात, म्हणून हातमोज्यांना नाहीत असे कोणी म्हणू नये.

इतके करूनही खरचटलेच तर जखम भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा. हळद, टूथपेस्ट, पेट्रोल, माती काही लावू नका. चिकटलेले कापड ओढू नका, स्वच्छ कापडाने झाकून सरकारी दवाखान्यात जा. खडी आत रुतली असेल किंवा मधुमेह असेल तर मुळीच थांबू नका. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले ते डॉक्टरांना सांगा.

घेतलेले कपडे सांभाळायचेही असतात. ब्लीचिंग पावडरने नायलॉन आणि केव्हलर दोन्ही कमजोर होतात, उन्हानेही होतात. साध्या साबणाने धुवावे, पॅड आधी काढून ठेवावेत. आपल्याकडे कपडे तापल्या पत्र्यावर टाकायची सवय आहे. हे जॅकेट मात्र उलटे करून सावलीत दोरीवर घालावे.