संख्याशास्त्राचा विद्यार्थी: पूर्वज्ञान आणि मनोवृत्ती

संख्याशास्त्राच्या पहिल्या तासाला येणारा विद्यार्थी म्हणजे कोरी पाटी, असे समजून जो शिक्षक शिकवावयास लागतो त्याची निराशा ठरलेली आहे. सरासरी, संभव, नमुना हे शब्द विद्यार्थ्याने घरी, मैदानावर व बाजारात पुष्कळदा ऐकलेले असतात आणि त्यांचे अर्थही मनाशी बांधलेले असतात. नवा अर्थ त्या जुन्या अर्थाशेजारी येऊन बसतो. त्याची जागा आपोआप घेत नाही.

क्रिकेटचेच उदाहरण घेऊ. मुंबईचे विजय मर्चंट यांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील २३४ डावांत १३,४७० धावा केल्या. या आकड्यांचा भागाकार ५७.५६ येतो, परंतु त्यांची सरासरी ७१ हून अधिक मानली जाते. कारण ४६ डावांत ते नाबाद राहिले, आणि क्रिकेटमध्ये धावांना भागावयाचे ते बाद झालेल्या डावांच्या संख्येने, म्हणजे येथे १८८ ने. ही पाठ्यपुस्तकातील सरासरी नव्हे. क्रिकेटवेड्या मुलाचा येथे गोंधळ होतो, आणि त्याला मंदबुद्धी ठरविणे हा अन्यायच होय.

तथापि हेच ज्ञान अन्यत्र उपयोगी पडते. आठवड्याच्या पावसाची सरासरी काढताना कोरडे दिवस मुले पुष्कळदा सोडून देतात. शून्य कशाला मोजावयाचे, असे त्यांना वाटते. अशा वेळी शिक्षकाने एवढेच विचारावे: फलंदाज शून्यावर बाद झाला, तर तो डाव सोडतात काय?

संभवाच्या बाबतीत अडचण अधिक खोल आहे. टव्हर्स्की व काह्नमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ साली विद्यार्थ्यांपुढे दोन रुग्णालये ठेवली. एकात रोज सुमारे ४५ बालके जन्मतात, दुसऱ्यात १५. साठ टक्क्यांहून अधिक मुलगे जन्मले असे दिवस वर्षात कोठे जास्त येतील? उत्तर लहान रुग्णालय हे आहे, कारण लहान नमुन्यात चढउतार मोठे असतात. परंतु ९५ पैकी ५३ जणांनी दोन्हीकडे सारखेच असे सांगितले. नमुना लहान असो वा मोठा, तो समग्राचे हुबेहूब चित्र असतो, ही समजूत सूत्र पाठ करून जात नाही. विद्यार्थ्यांनी आधी अंदाज लिहावा, मग नाणी उडवून मोजावे. अंदाज खोटा ठरला म्हणजेच शंका जागी होते.

मनोवृत्तीचा विचार याहून नाजूक आहे. कँडेस शाउ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली तयार केलेल्या प्रश्नावलीत विषयाविषयीची आवडनिवड, स्वतःच्या कुवतीवरील विश्वास, विषयाची उपयुक्तता व त्याची वाटणारी कठीणता अशी चार अंगे मोजली जातात. मनोवृत्ती व यश यांचा संबंध आढळतो. मात्र तो फार दाट नाही. शिवाय भीतीमुळे गुण कमी पडतात की कमी गुणांमुळे भीती वाढते, हे केवळ सहसंबंधावरून कळत नाही. गणितात पूर्वी आलेले अपयश विद्यार्थी या विषयात बरोबर घेऊन येतो, एवढे प्रत्येक शिक्षक जाणतो.

उपयोग पटविण्यासाठी दूर जावे लागत नाही. दिल्लीलगतच्या गाझियाबाद शहरात हिवाळ्यात मुले हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक पाहतात. त्यातील सूक्ष्म धूलिकणांचा आकडा चोवीस तासांच्या सरासरीवर आधारलेला असतो. मग पहाटे खोकला येतो त्या वेळची हवा या आकड्यात दिसते काय? असा प्रश्न पडलेल्या मुलास सरासरी व प्रसरण यांतील भेद सांगावा लागत नाही. तो स्वतःच विचारतो.

खेड्यातील मुलाजवळ दुसरे ज्ञान असते. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४६ साली दाखवून दिले की, पीक कापणीच्या पाहणीत अतिलहान तुकडे घेतल्यास उत्पन्न फुगवून दिसते. कडेवरची शंकास्पद रोपे कापणारा आत धरतो. एक मीटर बाजूच्या चौरसात प्रत्येक चौरस मीटरमागे चार मीटर कड येते. दहा मीटर बाजूच्या चौरसात केवळ ०.४ मीटर. ही चूक एकाच बाजूची असल्याने तुकड्यांची संख्या कितीही वाढविली तरी भरून निघत नाही. ज्याने हातात विळा धरला आहे त्याला बांधावरचे रोप कोणाचे हा तंटा ठाऊक असतो. त्यामुळे हा धडा त्याला शहरी मुलाच्या आधी कळतो.