वेब पेजचं झाड : त्यातले नोड ओळखूया



शाळेचं पान उघडलं की ब्राउझर ते घराण्याच्या वंशावळीसारखं मांडतो. वर मूळ, खाली मुलं, नातवंडं. या मांडणीला 'डॉम' म्हणतात. डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने १९९८ मध्ये त्याचा पहिला नियमसंच प्रसिद्ध केला. झाडातल्या प्रत्येक गाठीला नोड म्हणतात आणि प्रत्येक प्रकाराला क्रमांक आहे.

• दस्तऐवज नोड (९) : झाडाचं मूळ, म्हणजे अख्खं पान.
• घटक नोड (१) : टॅगपासून बनतो. शीर्षक, परिच्छेद, चित्र वगैरे.
• मजकूर नोड (३) : टॅगच्या आतली खरी अक्षरं. याला मुलं नसतात.
• टिप्पणी नोड (८) : बनवणाऱ्याची नोंद. पानावर दिसत नाही.

आता उदाहरण घेऊ. परिच्छेदात वाक्य आहे : गांधीजी १९३६ मध्ये शेगावला राहायला आले. (हेच गाव पुढे सेवाग्राम झालं.) यातला '१९३६' तेवढा ठळक केलाय. तर परिच्छेदाला मुलं किती? बरेच जण 'एक' म्हणतील. उत्तर तीन! 'गांधीजी' हा मजकूर, मग ठळकचा घटक, मग उरलेला मजकूर. '१९३६' ही अक्षरं ठळक घटकाच्या पोटात, म्हणजे परिच्छेदाची नातवंडं. एकूण मजकूर नोडही तीनच.

हे शिकून उपयोग काय? आपण पालकसभेची सूचना फळ्यावर लिहितो, फोटो काढतो आणि पानावर टाकतो. डोळ्यांना अक्षरं दिसतात, पण झाडात तो फक्त चित्राचा घटक असतो, मजकूर नोड नाहीच. मग दृष्टिहीन पालकाच्या स्क्रीन रीडरने वाचायचं काय? म्हणून सूचना टाइप करा. चित्र हवंच असेल तर त्याच्या 'अल्ट' या गुणधर्मात वर्णन लिहा.

दुसरी काळजी : टिप्पणी पानावर दिसत नसली तरी पानाचा सोर्स उघडणाऱ्याला दिसते. तिथे मुलांची माहिती किंवा पासवर्ड अजिबात लिहू नका.

करून पाहा : संगणकावर क्रोममध्ये पान उघडून एफ-१२ दाबा, 'एलिमेंट्स' मध्ये झाड दिसेल. आपल्या शाळेच्या पानावरची ताजी सूचना शोधा. ती मजकूर नोड आहे की नुसतं चित्र?