घरी परतण्यापूर्वी घराचे माप

मणक्याची इजा वा पक्षाघात झालेल्या रुग्णास दीर्घ उपचारांनंतर घरी पाठविताना औषधांची चिठ्ठी पुरेशी ठरत नाही. तो ज्या घरात जाणार, त्या घराचीही तपासणी व्हावी लागते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती व माळवदे झोपेतील माणसांवर कोसळली. मणक्याला इजा होऊन कमरेखालील शक्ती गेलेल्यांना जन्मभराच्या साधनांची गरज पडते, हे आपल्या लातूर जिल्ह्याला तेव्हापासून ठाऊक आहे. अशा साधनांसाठी केंद्र शासनाची ‘एडिप’ योजना १९८१ पासून आहे व कानपूरच्या ‘अलिम्को’कडून शिबिरांत साहित्यही मिळते. अडचण पुढे येते.

अहमदपूर परिसरातील एखादे जुने घर घ्यावे. ओटा दीड फूट उंच. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे मान्य प्रमाण १ : १२, म्हणजे येथे १८ फूट लांबीचा उतार हवा. अरुंद गल्लीत तो बसणार कसा? अशा वेळी परसदाराकडील उंच जमिनीवरून वाट काढावी, अथवा आखूड उतार करून खुर्ची मागून धरण्यास माणूस ठेवावा. दाराची चौकट दोन फुटांची आणि खुर्ची सव्वादोन फुटांची असेल, तर तीन इंचांपायी माणूस स्वतःच्याच घराबाहेर राहतो!

देणगीदारांना एक विनंती करावीशी वाटते. समारंभात दिल्या जाणाऱ्या खुर्च्यांचे हात बहुधा पक्के जोडलेले असतात. खुर्चीवरून पलंगावर सरकण्यासाठी गुळगुळीत फळी वापरतात. ती गावचा सुतारही करून देईल. परंतु खुर्चीचा हात निघत नसेल, तर फळी निरुपयोगी ठरते. तसेच खुर्चीसोबत चांगली गादी द्यावी. संवेदना नसलेल्या अंगास रेक्झिनच्या बैठकीवर जखम होते आणि बरा होऊन गेलेला रुग्ण पुन्हा वॉर्डात येतो. गादी असली तरी दर १५-२० मिनिटांनी हातांवर भार देऊन अंग उचलावे व रात्री दर दोन तासांनी कूस बदलावी.

नातेवाइकांनी रुग्णास नेण्याच्या आठवडाभर आधी टेप घेऊन चौकट, ओटा, न्हाणीचे दार व संडासापर्यंतचे अंतर मोजून आणावे. बैठ्या संडासावर मधोमध भोक असलेली कमोड खुर्ची ठेवता येते. पलंगाची उंची खुर्चीच्या बैठकीइतकी असावी. कमी असल्यास पायांखाली लाकडी ठोकळे पक्के बसवावेत. सुतळीची बाज मात्र टाळावी, कारण ती मध्ये झोळ खाते आणि फळी टेकत नाही.