अंगणातलं तळं आणि नवतपा

नागपूरच्या उन्हात अँथुरियम आणि नेचे जगवायचे तर अंगणात तळं हवंच, असं आमच्या रोपवाटिकावाल्याने छातीठोकपणे सांगितलं. दहा बाय सहा फुटांचं, सिमेंटचं. ‘ताई, पाण्याची वाफ झाडांनाच मिळते. कोकणासारखी हवा होईल बघा.’ फाटकाकडून गरम वारा थेट आत येतो, त्याचं काय, हे मी तेव्हाच विचारलं होतं. ‘ते माझ्यावर सोडा.’ हे मुद्दाम लिहिते आहे, कारण आता तो जागा माझ्याच हट्टाने निवडली असं सांगत फिरतो.

नवतप्यात नेच्यांची पानं कडेने करपली. तळं मात्र काठोकाठ भरलेलं. मग मी दोन आर्द्रतामापक आणले. एक तळ्याकाठच्या कुंड्यांत टांगला, दुसरा मागच्या जिन्याखाली. दुपारी दोन्हींवर आकडा एकच, १८ टक्के. अदलाबदल केली, तरी तोच. बराच वेळ मी त्या आकड्यांकडे बघत राहिले. तळ्यापाशी आणि तळ्यापासून दूर, हवा तितकीच कोरडी होती. फोटो पाठवला तर उत्तर आलं, ‘मीटर स्वस्तातला असेल.’ दुसऱ्या दिवशी म्हणाला, कारंजं बसवा, मग फरक कळेल. कारंज्याचे पैसे अर्थातच वेगळे.

हिशेब अवघड नाही. एवढ्या तळ्यातलं पाणी दिवसाला सेंटिमीटरभर उतरलं तर सुमारे ५५ लिटर वाफ होते. पण ताशी ५ किलोमीटरची झुळूकसुद्धा तीस फुटांचं अंगण सहा-सात सेकंदांत ओलांडते. वाफ कुंड्यांपाशी थांबणार कशी? कूलरमध्ये पंखा ओल्या खसातून हवा ओढतो आणि खोलीला भिंती असतात, म्हणून तिथे फरक पडतो. झाडं विकून पोट भरणाऱ्याला एवढं माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

तेव्हा पैसा आधी आडोशावर घाला. वाऱ्याच्या बाजूला हिरवी जाळी किंवा दाट कुंपण, वर ७५ टक्के सावलीची जाळी. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, खाली विटांचे तुकडे आणि वाळू पसरून दुपारी ती भिजवा. जाळीच्या आत माझा काटा वर सरकला तो यानेच. पानांवर बोअरचं जड पाणी फवारू नका, पांढरे डाग पडतात. झाडांना पाणी सकाळी लवकर घाला. मोगरा, कण्हेर, मधुमालती आपल्याकडे उत्तम येतात, तीही लावा.

तळं हौसेसाठी हवंच असेल तर जरूर करा, पण नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो. पाणी भरून ठेवा, उपसून टाका, असं अनेकदा करा आणि मगच गप्पी मासे सोडा. हे मला कुणी सांगितलं नाही, माझे पहिले मासे त्यातच मेले. माशांशिवाय तळं ठेवू नका. डेंग्यूचा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात.

आणि कामाचे सगळे पैसे आगाऊ देऊ नका. माझ्याकडे शेवटचा हप्ता बाकी होता. तो मी दिलेला नाही. त्याचे फोन अजून येतात.