वाचकांचे प्रश्न : भाऊ जमीन विकायला निघालेत, मला ‘स्टे’ मिळेल का?

प्रश्न : वडील 2003 साली वारले. साडेचार एकर वडिलोपार्जित जमीन आहे, दोन भाऊ आणि मी एकटी बहीण. जमीन मोठा भाऊ कसतो. पूर्वी सातबाऱ्यावर माझं नाव इतर हक्कात होतं, आता दिसत नाही. चार दिवसांपूर्वी पेपरात जाहीर नोटीस आली : जमीन विकली जाणार आहे, कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवा. तालुक्याला एका वकिलांकडे गेले. ते म्हणाले, “स्टेची हमी माझी. आत्ता एक लाख द्या आणि निकालानंतर दोन गुंठे माझ्या नावावर करा.” भाऊ म्हणतात, वडील 2005 च्या आधी गेले, त्यामुळे मुलीचा हक्कच बसत नाही. मी काय करू? आणखी एक, आठ-नऊ वर्षांपूर्वी तलाठी कार्यालयात भावाने माझी एका कागदावर सही घेतली होती. तो कागद कसला होता, ते मला माहीत नाही.
– एक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, पत्राच्या शेवटी तुम्ही जे लिहिलंत, तिथूनच सुरुवात करू. तुमचा सगळा मामला त्या सहीवर अडलेला आहे.

तलाठ्याकडे दिलेला जबाब किंवा वर्दी आणि नोंदणीकृत हक्कसोडपत्र या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. स्थावर मिळकतीतला हिस्सा सोडायचा तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. तलाठ्यासमोर नुसती सही केल्याने हिस्सा जात नाही. फेरफार होऊन सातबाऱ्यावरचं नाव कमी झालं, तरी जात नाही. सातबारा हा महसुली कागद आहे, मालकी ठरवणारा नव्हे. म्हणून तुमचं नाव कमी झालं त्या फेरफाराची नक्कल काढा आणि दुय्यम निबंधक कार्यालयात त्या गटाची सूची क्रमांक दोन पाहा. हक्कसोडपत्र नोंदलेलं निघालं, तर दाव्याचं रूपच बदलतं. मग तो दस्त रद्द करून मागावा लागेल, आणि त्यासाठीची मुदत वस्तुस्थिती कळल्यापासून तीन वर्षांची आहे.

भावांचं 2005 चं म्हणणं चुकीचं आहे. विनीता शर्मा खटल्यात 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मुलीचा हक्क जन्माने आहे आणि हिंदू वारसा कायद्यातली 2005 ची दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात असण्याची गरज नाही. अपवाद आहे तो 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेल्या वाटपाचा. तसं वाटप तुमच्या घरात झालेलं नसेल, तर या मुद्द्यावर निर्धास्त राहा.

आता ‘स्टे’. लोक ज्याला स्टे म्हणतात, तो दिवाणी कोर्टात तूर्तातूर्त मनाई हुकूम असतो. तो एकटा मिळत नाही, आधी वाटपाचा आणि स्वतंत्र ताब्याचा दावा लावावा लागतो. त्यासोबतचा मनाईचा अर्ज आपल्याकडच्या कोर्टांत ‘निशाणी पाच’ या नावानेच ओळखतात. त्यावर न्यायाधीश तीन गोष्टी पाहतात : प्रथमदर्शनी तुमचा हक्क दिसतो का, हुकूम दिला किंवा नाकारला तर जास्त गैरसोय कुणाची, आणि पैशाने भरून न येणारं नुकसान होणार आहे का. पुष्कळ अर्ज दुसऱ्या मुद्द्यावर फसतात, कारण माणूस रागाच्या भरात सगळंच मागतो. भावाने शेतात पाऊलही टाकू नये, अशी मागणी केलीत तर कोर्ट विचारेल की इतकी वर्षं तोच कसत आला, मग आज त्याला का थांबवायचं? त्यापेक्षा नेमकं मागा : जमीन विकू नये, गहाण ठेवू नये, प्लॉट पाडून किंवा मुरूम टाकून तिचं स्वरूप बदलू नये. एवढी मागणी मंजूर करताना कोर्टाला भावाचं शेतीचं कोणतंही काम अडवावं लागत नाही.

साधारणपणे कोर्ट आधी समोरच्याला नोटीस काढून त्याचं म्हणणं मागवतं. विक्री तोंडावर आली असेल, तर कारणं नोंदवून एकतर्फी हुकूमही देता येतो, आणि ही जाहीर नोटीस तुमचा त्यासाठीचा सर्वांत भक्कम कागद आहे. भावांनी कॅव्हेट लावून ठेवलं असेल, तर ते नव्वद दिवस चालतं आणि त्या काळात त्यांना ऐकल्याशिवाय हुकूम होत नाही. एकतर्फी हुकूम मिळालाच, तर दाव्याची आणि कागदपत्रांची नक्कल त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी समोरच्याला पाठवावी लागते. ही पूर्तता वकिलाने केली का, ते स्वतः विचारा.

मात्र ती सही अर्जात लपवू नका. जाणूनबुजून खोटं किंवा दिशाभूल करणारं सांगून एकतर्फी हुकूम मिळवला असेल, तर तो उठवण्याची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 39, नियम 4 मध्ये आहे. 1993 साली निकाल लागलेल्या एस. पी. चेंगलवराय नायडू विरुद्ध जगन्नाथ या खटल्यात वादीने स्वतःच लिहून दिलेलं हक्कसोडपत्र कोर्टापासून दडवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ती कोर्टाची फसवणूक ठरवली. तुम्ही मात्र पहिल्याच पानावर लिहा की सही झाली, मजकूर कुणी वाचून दाखवला नाही. हे तुमच्याकडून आलं तर ती तुमची तक्रार ठरते, भावांच्या वकिलाने बाहेर काढलं तर तोच तुमच्यावरचा आरोप होतो.

वकिलांबद्दल मला मनापासून वाईट वाटलं. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा वादातल्या मिळकतीत हिस्सा मागणं बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही, आणि हुकमाची हमी तर कुणीच देऊ शकत नाही. त्यांच्याकडे जाऊ नका. जो वकील पहिल्याच भेटीत “तुमच्या विरुद्ध जाणारा कागद कोणता?” असं विचारतो, तो निवडा. पैशाची अडचण असेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. 1987 च्या कायद्याप्रमाणे उत्पन्न कितीही असलं तरी स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. पुढेमागे वकील बदलावासा वाटला, तर फी राहिली म्हणून तो तुमची फाईल अडवून ठेवू शकत नाही; सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली तसं स्पष्ट सांगितलं आहे.

महाराष्ट्रात आणखी एक काम हटकून राहून जातं. दावा चालू असताना जमीन घेणाऱ्यावर तो निकाल बंधनकारक व्हावा, यासाठी आपल्याकडे नुसता दावा लावून भागत नाही. दावा प्रलंबित असल्याची नोटीस, म्हणजे लिस पेंडन्स, दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. निशाणी पाचचा निकाल काहीही लागो, ही नोंद तुम्हाला करता येते.

हुकूम झाल्यावर भावांनी तो मोडला, तर मिळकत जप्त होऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते. त्यासाठी त्याच कोर्टात अर्ज करावा लागतो.

पंधरापैकी चार दिवस गेलेले आहेत. आजच साध्या कागदावर तुमचं वडिलांशी नातं, गट नंबर आणि विक्रीला हरकत एवढं लिहा आणि जाहीर नोटीस देणाऱ्या वकिलाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा. खरेदीदाराचं नाव कळत असेल तर एक प्रत त्यालाही धाडा. पोस्टाची पावती आणि पोच दाव्याच्या कागदांत लावायची आहे, ती जपून ठेवा.